साध्या मंगळवारी कामावर जावंसं का वाटतं

तू विचारलंयस की म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये परमनंट लागून दोन वर्षं झाली, सुरुवातीला खूप हौस होती, आता अलार्म वाजला की पोटात गोळा येतो, वॉर्डात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि आजूबाजूचे सगळे म्हणतात सेवाभाव आतूनच यावा लागतो, मग माझ्यात तो नाहीच का? आणि जुन्या सिस्टर लोकांनी, डॉक्टरांनी तीस-तीस वर्षं कशाच्या जोरावर काढली? शेवटी हेही विचारलंयस की प्रायव्हेट बघू की जर्मनी.

मी ३४ वर्षं काढली. १९८९ ला स्टाफ नर्स म्हणून लागले, २०२३ ला सिस्टर इनचार्ज म्हणून रिटायर झाले. मधे मेल मेडिसिन झालं, ट्रॉमा झाला, आणि शेवटची १३ वर्षं नवजात बाळांच्या एनआयसीयूत. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी हे सांगते की तुझ्यात काही कमी नाहीये. सेवाभाव आतून येतो हे मी एवढ्या वेळा ऐकलंय आणि तरुण असताना मला ते खरंही वाटायचं, पण नंतर मी एकच मुलगी एका वॉर्डात बाथरूममध्ये जाऊन रडताना बघितली आणि सहा महिन्यांनी बदली झाल्यावर दुसऱ्या वॉर्डात तीच मुलगी ड्यूटी संपली तरी खाटेपाशी रेंगाळताना बघितली. पगार तोच, लोकल तीच, घरचे त्रास तेच. मग आतलं काय बदललं? काहीच नाही. वॉर्ड बदलला. असं मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितलंय, म्हणून आता ठामपणे बोलते.

आम्ही लोक लागलो कशासाठी ते खरं सांगू का. माझे वडील गिरणीत होते, १९८२ चा संप झाला, गिरणी बंद पडली, घरात खाणारी तोंडं सहा. नर्सिंगला तेव्हा हॉस्टेल मिळायचं आणि स्टायपेंड मिळायचा, म्हणून मी गेले. माझ्या बॅचला केरळच्या मुली होत्या, त्या पहिल्या पगारापासून घरी मनीऑर्डर करायच्या. मिरजेच्या, नगरच्या होत्या, कोकणातल्या तर खूप. एकीनेही मला कधी सांगितलं नाही की मी सेवेसाठी आले. डॉक्टरांचंही तेच, कुणाला मार्क चांगले होते, कुणाच्या घरात दवाखाना होता, कुणी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष भरायला आला. यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस ज्या कारणाने नोकरीला लागतो त्याच कारणाने टिकतो असं नसतं, टिकायचं कारण पुढे कामात सापडतं, किंवा सापडतच नाही.

पगाराचं बोलून घेते कारण लोक तिथेच अडकतात. इनचार्ज झाल्यावर आम्हाला एक ट्रेनिंग होतं, त्यात हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं शिकवलं होतं. त्याने १९५९ मध्ये मांडलं की पगार, नोकरीची शाश्वती, कामाची जागा, वरच्यांची वागणूक या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो, पण त्या चांगल्या केल्या म्हणून कामात जीव ओतायला लागतो असं नाही, त्यासाठी कामातच काहीतरी लागतं, काम पार पाडल्याचं समाधान, जबाबदारी, शिकायला मिळणं. मला हे बरंचसं पटतं. पण कंत्राटी सिस्टरला हे जाऊन सांगू नये. तोच वॉर्ड, तेच पेशंट, तीच नाइट, पगार कितीतरी कमी आणि दर काही महिन्यांनी ऑर्डर निघेल की नाही याची धाकधूक. तिला मोटिव्हेशनचं लेक्चर देणं हे मला पाप वाटतं. आधी तिची ऑर्डर वेळेवर काढा. तू परमनंट आहेस, म्हणजे तुझा हा प्रश्न सुटलेला आहे, म्हणून तुझ्याशी पुढचं बोलता येतं.

आता मुख्य मुद्दा. माझ्या अनुभवाने माणूस मोडतो तो कष्टाने नाही. कष्ट तर ट्रॉमाला सगळ्यात जास्त होते. मुंबईत रेल्वे अपघातात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, आणि जी जिवंत आणली जातात ती आमच्याकडे यायची, पाय तुटलेला पोरगा, वर बाइकवरून डबलसीट पडलेले, आणि तरी ट्रॉमाच्या सिस्टर सहसा बदली मागायच्या नाहीत. माणूस मोडतो जेव्हा त्याला माहिती असतं काय करायला पाहिजे, करता येतंही, आणि तरी करू दिलं जात नाही. १९८४ मध्ये जेमटन नावाच्या अभ्यासकाने नर्सेसच्याच बाबतीत याला नाव दिलं, मॉरल डिस्ट्रेस. मराठीत मी त्याला मनाचं टोचणं म्हणते.

हिशोबच मांडते. माझ्या मेडिसिन वॉर्डात ४० खाटा, पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सुरू झालं की खाली गाद्या घालून अजून १४. नाइटला दोन सिस्टर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स असं आहे, ते बाजूला ठेव. या ५४ मध्ये स्वतःहून कूस बदलू न शकणारे समजा ९ आहेत, पॅरालिसिसचे, बेशुद्ध. दर दोन तासांनी कूस बदलायची, एकीला जमत नाही, दोघी लागतात, पाठ पुसून पावडर लावून चादर सरळ करून एका पेशंटला सहा-सात मिनिटं. नऊ पेशंट म्हणजे तास. म्हणजे दर दोन तासांतला एक तास दोघींनी फक्त कुशी बदलायच्या, मग ड्रिप कोण बघणार, रात्री दहाचं आणि सकाळी सहाचं इंजेक्शन कोण देणार, नवीन अॅडमिशन कोण घेणार, कुणी गेला तर त्याचं पॅकिंग आणि कागद कोण करणार? तेव्हा व्हायचं असं की चार्टवर पोझिशन चेंज लिहिलं जायचं आणि झालेलं नसायचं. मीही लिहिलंय. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या माणसाच्या माकडहाडावर लाल डाग दिसायचा, म्हणजे एका जागी पडून होणाऱ्या जखमेची, बेडसोरची सुरुवात, तेव्हा जे वाटतं ना, ते घरी घेऊन जावं लागतं, ते डोंबिवलीपर्यंत गाडीत तुझ्या शेजारी बसून येतं. हे वर्षभर चाललं की माणूस त्या पाठीकडे बघणंच सोडतो. पेशंटला नावाने हाक मारणं सोडतो, "ए बारा नंबर" म्हणायला लागतो. बाहेरचे म्हणतात किती दगडाच्या झाल्यात. दगड नाही गं, बघितलं तर दुखतं म्हणून बघत नाही.

डॉक्टरांचंही हेच. रात्री व्हेंटिलेटर रिकामा नाही, पेशंटला ट्यूब टाकलीये, मग आंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, नातेवाइकाच्या हातात, पाळीपाळीने मुलगा, जावई, भाऊ दाबत बसलेत पहाटेपर्यंत, आणि रजिस्ट्रारला, म्हणजे वॉर्डातल्या सीनिअर रेसिडेंट डॉक्टरला, दर तासाला तिथून जायचंय त्यांच्या डोळ्यांत बघत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं पोर असतं ते.

म्हणून तुझ्या पोटात गोळा येतो त्याला आळस समजू नकोस आणि सेवाभाव नसणं तर अजिबातच समजू नकोस. ज्याला कामाची पडलेली नसते त्याला टोचत नाही.

आता टिकवतं काय. मला विचारशील तर एकच गोष्ट सांगेन, "माझा पेशंट" हे शब्द. हे शब्द खरे असावे लागतात, नुसते बोलायचे नाहीत.

आपल्याकडे वॉर्डात काम वाटतात कसं ते तुला माहितीच आहे. एक सिस्टर सगळ्यांची इंजेक्शनं, एक सगळ्यांचं बीपी-टेम्परेचर, एक ड्रेसिंगला, एक कागदांना. यात काम पटकन उरकतं हे मान्य, पण पेशंट कुणाचाच नसतो. तो बरा झाला तर कुणी बरा केला? माहीत नाही. बिघडला तर कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? कुणाच्याच नाही. मी एनआयसीयूची इनचार्ज झाले तेव्हा पहिले सहा महिने याच्यावरच भांडले. एका सिस्टरला ठरलेली बाळं, त्या बाळांचं सगळं तिनेच करायचं, फीड, सलाइनची लाइन, नळीने कफ ओढायचं सक्शन, वजन, आईशी बोलणं, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीही तीच बाळं. सुरुवातीला सगळ्या वैतागल्या, म्हणाल्या बाई हे लांबतं. महिनाभरात ओव्हर देण्याची, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवण्याची, भाषाच बदलली. आधी "सात नंबर, फीड ८ मिली, अँटिबायोटिक चालू" एवढंच असायचं, आता "हिचं पोट काल थोडं फुगलेलं वाटत होतं, आज मऊ आहे, पण तू रात्री एकदा हात लावून बघ." कुणी शिकवलं नव्हतं त्यांना असं बोलायला.

अरुणा शानभाग यांची गोष्ट तुला माहीत असेलच, पण तू ज्या वयाची आहेस त्या वयाच्या मुलींना बऱ्याचदा फक्त इच्छामरणाची केस म्हणून माहीत असते. केईएमची स्टाफ नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच तिच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं वॉर्ड नंबर चारच्या बाजूच्या खोलीत. तिला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सिस्टर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, आणि इतकी वर्षं अंथरुणात असून अंगावर बेडसोर नाही याचं सगळ्यांना नवल वाटायचं. सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २०११ ला तिच्या इच्छामरणाचा अर्ज फेटाळला तेव्हा केईएमच्या नर्सेसच्या सेवेबद्दल भरभरून लिहिलं आणि म्हटलं की तिचे खरे जवळचे हेच, तिच्याबद्दल ठरवायचं तर यांनी. आता विचार कर, शेवटच्या वर्षांत तिला भरवणाऱ्या मुली १९७३ ला जन्मलेल्याही नव्हत्या. त्या काही निवडून घेतलेल्या जास्त दयाळू मुली नव्हत्या, बदलीने आलेल्या तुझ्या-माझ्यासारख्याच होत्या. ती ओव्हरमध्ये मिळाली. आधीच्या सिस्टरने सांगितलं ही आपली आहे, हिला असं भरवायचं, हिला हे आवडतं. बस. आणि हेही लक्षात ठेव की हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संपही केला होता, सुरक्षा आणि कामाची परिस्थिती यांच्यासाठी. संप करणाऱ्या आणि ४२ वर्षं सांभाळणाऱ्या वेगळ्या नव्हत्या. आजही मार्डने, रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेने, संप केला की लोक म्हणतात कुठे गेला सेवाधर्म, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

कामा हॉस्पिटलचंही तसंच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अंजली कुलथे सिस्टर नाइटला होत्या, वॉर्डात २० गरोदर बायका. अतिरेकी आत शिरले, गोळीबार चालू, यांनी दारं लावून सगळ्या बायकांना पँट्रीत हलवलं, त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमला नेलं. नंतर कसाबला ओळखायला त्या गेल्या, आणि साक्षीला युनिफॉर्म घालूनच येईन म्हणाल्या. २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतही बोलल्या. लोक शौर्य म्हणतात, आहेच. पण नाइट केलेली कुठलीही सिस्टर तुला सांगेल की त्यातला २० हा आकडा आम्हाला सगळ्यात जास्त कळतो. ओव्हरमध्ये २० घेतल्या, सकाळी २० द्यायच्या.

तरी मोठ्या प्रसंगांवरून काही ठरवू नये असं माझं मत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मी मॉर्निंगला होते, रिलीव्हर येणार कशी, दोन रात्री तिथेच, साडी सुकवायला ऑटोक्लेव्हच्या खोलीत टाकायचो, आणि खरं सांगते कुणी तोंड वाकडं केलं नाही. सगळे एकमेकांना ओळखायला लागले, लेक्चरर स्वतः ट्रॉली ढकलत होते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली, जखमी केईएमला आणले, तिथल्या माझ्या मैत्रिणी ड्यूटी संपूनही थांबल्या होत्या. अशा दिवशी सगळ्यांनाच बळ येतं. मला काळजी असते साध्या मंगळवारची. पाऊस नाही, बॉम्ब नाही, टीव्हीवाले नाहीत, ओपीडीला रांग, कापूस संपलाय, मावशी रजेवर. त्या दिवशी कामावर जावंसं वाटलं पाहिजे, बाकी दिवस आपोआप निघतात.

त्या मंगळवारसाठी लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या कामाचं पुढे काय झालं ते दिसणं. सरकारी हॉस्पिटलात पेशंट डिस्चार्ज होतो, गावाला जातो, संपलं. जो मरतो तो आपल्यासमोर मरतो आणि जो बरा होतो तो आपल्यामागे बरा होतो, त्यामुळे वीस वर्षांनी सिस्टरच्या डोक्यात मेलेलेच राहतात. एनआयसीयूत मला हे फार जाणवलं. ९०० ग्रॅमचं बाळ, दोन महिने आम्ही मिलीमिलीने वाढवायचं, दीड किलोच्या वर झालं की घरी. पण या बाळांची हाय रिस्क ओपीडी असते, डोळे, कान, वजन बघायला ती परत येतात, फक्त ती ओपीडी दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पाचव्या. मी दर आठवड्याला एक सिस्टर पाळीने त्या ओपीडीत बसवायला सुरुवात केली, मॅट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, सांगितलं वजनं घ्यायला मदत होईल. पहिल्याच आठवड्यात एक सिस्टर वर आली ती रडतच, मला वाटलं काही झालं, तर म्हणाली बाई तो चालतो, आपला अकरा नंबर, तो भिंतीला धरून चालतो. तिला आधी नाइट लावली की ती आजारी पडायची. नंतर एकदम पडायचीच बंद झाली असं नाही म्हणणार मी, पण कमी झालं. खूप कमी झालं.

आणि शिकायला मिळणं, काहीतरी नवीन घडताना आपण तिथे असणं. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ ला मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आयांना जास्त दूध येतं त्यांनी ते द्यायचं, ६२.५ डिग्रीला ३० मिनिटं पाश्चराइज करायचं, गोठवून ठेवायचं, आणि ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा नाहीये त्याला द्यायचं. धारावीला लागून असलेलं हॉस्पिटल, बाळं जंतुसंसर्गाने जायची, आणि उपाय सापडला तो आयांकडेच. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायचं, ज्याला आपण कांगारू केअर म्हणतो, तेही कोलंबियातल्या बोगोटाच्या एका हॉस्पिटलात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून १९७८ च्या सुमारास निघालं. केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांची टीम, म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल! त्यांच्याबरोबर काम केलेले लोक आजही ते सांगताना ताठ बसतात. मान वर करायला असं काहीतरी लागतं माणसाला.

डॉक्टर लोकांबद्दल विचारलंयस तर त्यांचं थोडं वेगळं. हाउसमनला, म्हणजे नवीन रेसिडेंटला, पहिलं वर्ष काही विचारूच नको, तो झोपेसाठी जगतो. १९९२ चं केंद्र सरकारचं परिपत्रक आहे की रेसिडेंटला साधारणपणे दिवसाला १२ तासांच्या वर आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर ड्यूटी लावू नये, आणि मी सलग ३६ तास उभी असलेली मुलं कायम बघितली. तरी तो टिकतो कारण हात बसत असतो. जी केस प्रायव्हेटला वर्षात एक येईल ती इथे आठवड्यात दोन. पुढे लेक्चरर म्हणून, प्रोफेसर म्हणून जे राहतात त्यांचं मला कौतुक वाटतं, कारण बाहेर कितीतरी पट मिळत असतं. आमच्या एका सर्जन सरांना मी विचारलं होतं, सर तुम्ही का नाही गेलात? ते म्हणाले, सिस्टर, इथे मला पेशंटला "ऑपरेशनची गरज नाही, घरी जा" असं सांगता येतं, आणि त्यासाठी कुणी माझ्याकडे महिन्याचा आकडा मागत नाही. मला ते फार पटलं. दहा रुपयांच्या केसपेपरवर त्याला काय लागतं तेवढंच लिहायचं. (अर्थात औषध स्टॉकला नसलं की "बाहेरून आणा" ची चिठ्ठी लिहावी लागते, आणि ती लिहिताना याच सरांचा चेहरा पडलेला मी बघितलाय.) शिकवायची आवड हेही मोठं कारण. सकाळच्या राउंडला मागे पंधरा पोरं आणि समोर चांगली केस असली की साठीचा माणूस पंचविशीचा होतो.

मारहाणीबद्दल. नातेवाइकांनी हात उचलला की सहा महिन्यांची हौस एका मिनिटात जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा. गार्ड हवेत, पास सिस्टिम हवी, सगळं हवं. पण आमच्या वॉर्डात एक रजिस्ट्रार होता, विदर्भातला, तो रोज संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या दाराबाहेर उभा राहायचा आणि एकेका नातेवाइकाला दोन-दोन मिनिटं सांगायचा, आज काय झालं, उद्या काय करणार, कुठे भीती आहे. कितीही बिझी असला तरी पाचला उभा. त्याच्या पूर्ण टर्ममध्ये त्याच्या पेशंटवरून एकही भांडण झालं नाही. आणि गंमत म्हणजे तो स्वतःही बाकीच्यांपेक्षा कमी थकलेला दिसायचा, मी विचारलं तर म्हणाला लोक जाताना हात जोडतात ना, तेवढ्याने रात्र निघते. गरीब माणूस सरकारी हॉस्पिटलात इतका हाडतुड ऐकून आलेला असतो की दोन मिनिटं नीट बोललं तर तो जन्मभर नाव काढतो. याला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो, आणि वेळ माणसं भरल्याशिवाय येत नाही. फिरून तिथेच येतं.

कोविडमध्ये २२ मार्च २०२० ला लोकांनी थाळ्या वाजवल्या, मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात माझ्या एका ज्युनिअरला सोसायटीत सांगितलं की काही दिवस बाहेरच राहा, तिचं लेकरू दोन वर्षांचं. म्हणून १२ मेला, नर्सेस डेला, गुलाब आला की मी घ्यायचे, थँक्यू म्हणायचे, आणि मग विचारायचे की तीन रिकाम्या पोस्ट कधी भरताय. देवदूत म्हटलं की माणसाला जेवायला लागत नाही, झोप लागत नाही, टीबी होत नाही असं होऊन बसतं. माझ्या बॅचच्या दोघींना वॉर्डातूनच टीबी झाला, एकीला रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, तिचं वजन ३८ किलोवर आलं होतं. तू एन-९५ शिवाय टीबीच्या पेशंटचं सक्शन करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी. सुई टोचली तर ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस, लगेच कळव, एचआयव्हीची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झालेली बरी, ७२ तासांच्या आत तर हवीच.

आता तुझं. प्रायव्हेट की जर्मनी हे मी नाही ठरवणार. कर्ज असेल, घरचं भागवायचं असेल तर जा, जर्मनला बी-टू लेव्हल करावी लागेल, वर्ष-दीड वर्ष जाईल, इथली नोकरी सांभाळून करता येते, बऱ्याच मुली करतात. जाणं म्हणजे पळणं नाही. फक्त "माझ्यात ते नाही" एवढ्या कारणाने जाऊ नकोस, कारण ते कारण खोटं आहे.

त्याआधी दोन-तीन गोष्टी करून बघ. तुझ्या इनचार्जला विचार की मला रोज ठरलेले पेशंट दे, निदान खिडकीकडचे आठ, सगळं मीच करते त्यांचं. नाही म्हणाली तरी तू मनाने दोन पेशंट घे, त्यांना नावाने हाक मार, त्यांच्या डिस्चार्जच्या दिवशी ओपीडीची तारीख विचारून ठेव आणि त्या दिवशी पाच मिनिटं खाली जाऊन ये. ज्या सिस्टरबरोबर काम हलकं वाटतं तिच्याबरोबर नाइट मागून घे, सोबत चुकीची असली की चांगला वॉर्डही जड होतो. आणि जे झालं नाही ते चार्टवर झालं म्हणून लिहू नकोस. मी लिहिलं होतं, म्हणून सांगते. "स्टाफ दोन, पेशंट चोपन्न, कूस बदलणे शक्य झाले नाही" असं रिपोर्ट बुकात लिहायचं. पहिल्यांदा बोलणी बसतात. आमच्याकडे एका इनचार्जने सलग दोन महिने लिहिलं तेव्हा तिसरी सिस्टर मिळाली, नाइटला.

हे तीन-चार महिने करूनही गोळा गेला नाही तर बदली माग. एनआयसीयू, डायलिसिस, लेबर, जिथे पेशंट मोजके आणि आपले असतात तिथली माग, आणि अर्जात कारण म्हणून "घरगुती अडचण" लिहू नकोस, सगळ्या तेच लिहितात. खाटा किती, पेशंट किती, नाइटला सिस्टर किती, सरळ आकडे लिही. मॅट्रन ऑफिसला देताना इनवर्ड नंबर टाकून एक कॉपी स्वतःकडे ठेव.